गोभिलच्या हाताची वीट

पूर्वी नर्मदेकाठच्या एका नगरात वज्रबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शंखदत्त नावाचे सावकार होऊन जन्मले होते. बोधिसत्त्व आणि सावकार, असं म्हणून हसू नका. पोटासाठी त्यांनीही नाना जन्म काढले आहेत.

त्या नगरात घर गहाण टाकण्याची एक रीत होती. कर्ज घेणारा ओल्या विटेवर उजवा पंजा उमटवी. वीट भाजून सावकाराकडे राही आणि कर्ज सुटलं की पंचांसमोर फोडली जाई. कर्जदार मेला तर सावकाराने घर तेवढं घ्यावं, मागे राहिलेल्यांच्या वाटेला जाऊ नये. मात्र साक्षीदारांसमोर जो त्या ठशात हात ठेवील, त्याच्या अंगावर सगळं कर्ज येई, आणि त्याच्या आधीचा सुटे.

गोभिल हा नावा बांधणारा सुतार. लाकडासाठी त्याने घर गहाण टाकलं, दोन नावा पुरात गेल्या, आणि तोही तापाने गेला. तेराव्यानंतर त्याची बायको कुंदिनी शंखदत्तांच्या पेढीवर आली.

"घर घ्या, शेठजी. मी भावाकडे जाते. जाण्याआधी एकदा ह्यांचा हात तेवढा बघू द्या."

शंखदत्तांना गलबलून आलं. रीतबीत विसरून त्यांनी वीट आणून तिच्यापुढे ठेवली. पेढीवर चार गिऱ्हाइकं बसलेलीच होती.

"अगं बाई! ही करंगळी बघा. लाकूड तासताना वाकसाने टोक उडालं, तेव्हा लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी रडत रडत हळद भरतेय आणि हे आपले हसतायत!" कुंदिनीही हसली. मग ती बोलतच राहिली. पहिली नाव पाण्यात सोडली त्या दिवशी त्याने तिला एकटीला बसवून पैलतीरी नेलं होतं. येताना वल्हं तिच्या हाती दिलं, आणि नाव गोल गोल फिरली. काय दिवस होते ते! सांगता सांगता तिचा हात कधी त्या ठशात गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

शंखदत्तांचा धाकटा भाऊ जंबुक ताडकन उठला.

"ठेवला हात! सगळ्यांनी पाहिलंय. घर विकून निम्मं कर्जही फिटत नाही. बाकीच्यासाठी सात वर्षं आमच्याकडे राबायचं."

पंच बोलावले गेले. ते म्हणाले, "रीत ती रीत. शंखदत्ता, दया येत असेल तर वीट फोड. मग घरही जाईल आणि पैसाही."

शंखदत्तांनी हातोडा उचलला. तशी कुंदिनीने वीट छातीशी घट्ट धरली.

"नका हो फोडू! मी राबते सात वर्षं. ह्यांचं बाकी सगळं चितेवर गेलं, शेठजी. एवढाच हात उरलाय ह्यांचा."

शंखदत्तांनी हातोडा खाली ठेवला. तिच्याकडून वीट मागून घेतली, आणि पंचांच्या देखत स्वतःचा पंजा त्या ठशात टेकवला.

"आता कर्ज कुणाच्या अंगावर?"

पंच चक्रावले. "तुझ्याच."

"आणि द्यायचं कुणाला?"

"तेही तुलाच."

"मग माझं मी बघून घेईन."

"दादा, वेड लागलंय तुला!" जंबुक ओरडला.

"तुझा वाटा माझ्यातून काढून घे," एवढंच म्हणून त्यांनी न फुटलेली वीट कुंदिनीच्या पदरात घातली. "जा बाई, आपल्या घरी जा."

कथा संपवून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा जंबुक म्हणजे आज पात्रं मोजून ठेवणारा उपसेन. कुंदिनी म्हणजे परवाच संघात आलेली ही सुभगा. आणि तो सावकार मीच होतो. मेलेल्याच्या ऋणापायी जित्या माणसाला गहाण पडू देऊ नये, आणि त्याची आठवणही हिरावू नये. ही करुणा."

गोभिल आज कोण आहे, हे सुभगेने विचारलं नाही. शास्त्यांनीही सांगितलं नाही.