कुंभारआळीच्या शाळेवरचा डाग

या बाजूने या मंडळी, ऊन आहे. ही आमची कुंभारआळीची शाळा. भिंत पाहा. बाकी सगळी पांढरी आणि खिडकीखाली हे तांबडे फराटे. गेरू नाही, नवस नाही, शेंदूर तर नाहीच. लोक नमस्कार करायला वाकतात, म्हणून आधीच सांगतो. ही पानाची थुंकी आहे.

नाक मुरडू नका. आम्हालाही किळस येते, पण ती यावी म्हणूनच डाग राहिला आहे, असे जुनी माणसे सांगत.

आमच्या या निंबखेडला संस्थानचा कारभारी बसायचा, तेव्हाची गोष्ट. ही शाळा आळीने स्वतः विटा भाजून बांधली. वरच्या पेठेतही शाळा होती, पण तिथे कुंभाराच्या पोरांना बाहेर ओसरीवर बसवत. पंतोजींचे बोलणे भिंतीपलीकडून येईल तेवढे ऐकायचे. पाऊस आला की घरी जायचे. आमच्या शाळेत मात्र पोर आत बसे, आणि पुढे बसे.

कारभाऱ्याला घोड्यांसाठी पागा हवी होती. शाळेची जागा सपाट, शेजारी विहीर. त्याने सांगितले, इथे मुले थोडी येतात, ती वरच्या पेठेत जातील. आळी बिथरली. तेव्हा त्याने युक्ती केली. आळीच्या पंचांना शाळेतच जेवायला बोलावले. पाटरांगोळी, तुपाची धार, आग्रहावर आग्रह. पंच हादडून जेवले. ज्या जमिनीवर पोरे अक्षर गिरवायची, तिथे बसून बोटे चाटली हो! मग तबक फिरले. प्रत्येकाने विडा तोंडात कोंबला, चांगला तोबरा भरला, आणि तोंडे रसाने भरल्यावर कारभाऱ्याने हळूच विचारले, "शाळा बंद करतोय. कोणाची हरकत?"

बोलायचे तर थुंकायला हवे. पिकदाणी एकच, तीही कारभाऱ्याची. तिच्यात कुंभाराने थुंकायचे कसे? उठून बाहेर जावे, तर पंगतीचा अपमान. म्हणून पंच एकमेकांकडे बघत गप्प राहिले. गाल फुगलेले, ओठ मिटलेले. कारभारी म्हणाला, "ठरलं तर मग." आणि उठला.

तो गेल्यावर ही शूर मंडळी बाहेर आली आणि या भिंतीवर मोकळी झाली. एकामागून एक पिचकाऱ्या. शी!

थोरल्या पंचाचे नाव राणोजी. त्याची सून गोजरा उष्टी काढायला आली होती. तिची मुलगी ठकी याच शाळेत जायची. गोजराने भिंत पाहिली आणि डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्यापुढे उभी राहिली. असे त्या काळी कोणी सून करत नसे.

"मामंजी, तोंडात काय हुतं तुमच्या?"

"पान हुतं."

"मग थुकून बोलायचं."

"कारभाऱ्याम्होरं थुकायची रीत हाय का?"

"आन पोरांच्या भिंतीवर थुकायची रीत हाय व्हय?"

गोजराने तिथेच शपथ घेतली, म्हणे, की शाळा उघडेपर्यंत तिच्या घरचे चाक फिरणार नाही. माती मळायचे काम बायकांचे. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बायका मातीला हात लावीनात. चाके थांबली, भट्ट्या विझल्या. बायकांनी राखेने भिंत घासली, चुना दिला. चुना वाळला की डाग पुन्हा वर. मीही तरुणपणी चुन्याचे हात मारून पाहिलेत. खरेखोटे देव जाणे, पण माझ्याच्याने तो झाकला गेला नाही.

पुरुष आधी ओरडले, मग उपाशी पोटाने शहाणे झाले. तोवर संक्रांत आली. पेठेत सुगडे नाहीत. हळदीकुंकवाला पूजायचे काय? कारभारीणबाईंनी आतून तीनतीनदा निरोप धाडला. शेवटी कारभाऱ्याने पंचांना कचेरीत बोलावले आणि सवयीने तबक पुढे केले.

राणोजीने हात जोडले. "सरकार, आदी बोलनं, मंग पान. आमी शबूद दिलेला न्हाई."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

पान होते, असे म्हणता आले असते. राणोजी खाली बघत म्हणाला, "भ्यालो सरकार. तोंड भरलेलं हुतं ह्ये निमित्त."

मग बाकीचे पंचही बोलले. शाळा उघडली. कारभाऱ्याला न्याय सुचला, असे समजू नका. त्याला सुगडे हवी होती. शिकण्यापेक्षा मडके मोठे ठरले, याची मला अजून चीड येते. पण ठकी दुसऱ्या दिवशी वर्गात पुढे बसली, हे खरे.

आजही या शाळेत सभा भरली की दारात घागर ठेवतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणीही असो, चूळ भरायला लावतात. गेल्या महिन्यात साहेब लोक आले होते. पटसंख्या कमी आहे, मुले पलीकडच्या शाळेत पाठवा, असे सांगायला. घागर बघून त्यातले थोरले साहेब हसले. "अहो, आमच्या तोंडात काही नाही."

पाणी द्यायला पहिलीतल्या एका पोरीची आई उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"मग बोला की साहेब," ती म्हणाली. "शाळा कशापायी बंद करताय, ते आमच्या तोंडावर बोला."

साहेबांनी रुमाल काढला आणि तोंड पुसले.