कच्ची चांदी

डोंगर आतून अजून गरम होते, तेव्हाची ही गोष्ट. खडकाच्या भेगांतून उकळतं पाणी धातू घेऊन वर चढायचं. पाणी निवत गेलं तसा एकेक धातू वाटेत थिजला. बिस्मथ सगळ्यांत शेवटी थिजला, एका अरुंद भेगेत, एकटाच.

लाखो वर्षांनी खाणकामगार आले. जमिनीच्या पोटात धातू हळूहळू पिकून त्याची चांदी होते, अशी त्यांची समजूत होती. मुकादम रखमाजीने दिवा भेगेजवळ धरला, तर आत चांदीसारखं काही चमकलं. "अरेरे, ही चांदी अजून कच्ची आहे. आपण लवकर आलो. पिकू द्या तिला." त्यांनी भेग हळूच बुजवली.

"अहो, मी चांदी नाही, बिस्मथ आहे! पुरता पिकलोय!" तो आतून ओरडला. पण ते केव्हाच निघून गेले होते.

पुढे रखमाजीचा मुलगा आला, मग नातू. दोघांनीही मायेने पाहिलं आणि भेग पुन्हा बुजवली.

आता कुणी येत नाही. बिस्मथ मात्र अंधारात स्वतःचंच अंग चाचपून पाहतो, थोडीतरी चांदी झाली का म्हणून.