सकवारबाईची भिंत

गिरणीत दळण टाकून मी बसले होते, तेव्हा मागे दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, "निंबळ्याच्या चावडीवर जी बाई लिहिते ना, तिचं वर्षाच्या आत—" आणि तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. पीठ डब्यात भरेपर्यंत त्या दोघीही निघून गेल्या.

तिचं वर्षाच्या आत काय? मरण येतं, का नशीब उघडतं? अर्धवट ऐकलेलं पोटात ठेवून मला जेवण जात नाही. शेजारच्या शालनचं माहेर निंबळं. तिला विचारलं, आणि तिला जे येत नव्हतं ते दिवाळीत तिच्याबरोबर निंबळ्याला जाऊन विचारून आले. ते आता तुम्हाला सांगते.

फार वर्षांपूर्वी, पुण्यात पेशवे होते तेव्हा, निंबळ्यात सकवार नावाची बाई होती. गावच्या कुळकर्ण्यांची मुलगी. लहानपणीच नवरा गेला, सासरच्यांनी नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आणून सोडली. वडील भले होते. पुढे त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला, तेव्हा त्यांनी तिला मोडी लिहायला शिकवलं. मग वडील सांगत आणि ती लिही. गावाचा प्रत्येक कागद तिच्या हातचा, नाव वडिलांचं. गावाला माहीत होतं, पण कुणी तसं म्हणत नसे.

अशात भिवरा माळणीचा नवरा वारला. मूल नव्हतं. दीर राघू म्हणाला, घर माझ्या भावाचं, म्हणजे माझं, वहिनीनं होळीच्या आत निघावं. चावडीवर गोत बसलं, म्हणजे गावची मानकरी मंडळी निवाड्याला. बाईला तिथं बसायची मुभा नव्हती, म्हणून भिवरा बाहेर उन्हात उभी राहिली. जायला तिला माहेरही उरलं नव्हतं. निकाल राघूच्या बाजूनं झाला. आता तेवढा कागद व्हायचा राहिला.

वडिलांनी घरी येऊन मजकूर सांगितला. सकवारनं दौत झाकली.

"अप्पा, हे मी लिहिणार नाही."

"पोरी, गोताचा निकाल आहे."

"मग गोतानं लिहावा."

गोतात दुसऱ्या कुणालाच लिहिता येत नव्हतं. सकवार तिथंच थांबली नाही. तिनं काव, म्हणजे तांबडी माती, कालवली, चावडीच्या दर्शनी भिंतीपाशी गेली आणि हातभर अक्षरांत लिहिलं, "जिनं घर सारवलं, तिचंही घर." मग भिवराला वाचून दाखवलं. विहिरीवरच्या बायांनाही दाखवलं. बायांना अक्षर येत नव्हतं, पण रांगोळीसारखं ते वाक्य त्यांनी बोटानं मातीत गिरवून पाहिलं.

पाटलांनी हुकूम दिला, भिंत सारवून टाका. आता सारवायचं काम बायांचं. एकही बाई पुढं येईना. शेवटी पाटलांनी आपल्या आईला सांगितलं, तुम्हीच चार जणी घेऊन जा. म्हातारी हसली.

"सारवते की रे. पण तिथं काय लिहिलंय? मी सारवली तर चावडी माझी होईल. उद्यापासून गादीवर मी बसेन. चालेल तुला?"

मग पुरुषांनीच बाह्या वर केल्या. कुणी शेण जास्त घातलं, कुणी माती चाळलीच नाही. संध्याकाळी भिंत झाकली, सकाळी सगळा पोपडा खाली आणि अक्षरं होती तशी. पुन्हा लिंपली, पुन्हा पडली. दर वेळी अक्षरं वीतभर मोठी झाली, असं म्हणतात. आणि मग एके दिवशी तेच वाक्य राघूच्या ओट्यावर दिसलं, पाटलांच्या गोठ्यावर दिसलं, पार वेशीवरही दिसलं. ते आपोआप उमटलं असं म्हणतात. मी काही म्हणत नाही. भिंतीजवळ दिवसभर वावर कुणाचा असतो, ते तुम्हीच बघा.

तेव्हापासून निंबळ्यातल्या बायांनी कुणाचंच घर सारवलं नाही. जमिनी उकलल्या, भाकरीत धूळ यायला लागली, अंथरुणात पिसवा झाल्या. पुरुष एकमेकांकडे बघून खाजवत. त्यात पेशव्यांचा वसुली अधिकारी, कमाविसदार, मुक्कामाला येणार असा निरोप आला आणि चावडीची ही दशा. होळीला चार दिवस उरले होते. पाटलांनी राघूला बोलावलं. तो पाय आपटत आला, तर पाटील म्हणाले, "तुझ्या एका घरापायी अख्खं गाव खाजवतंय. भिवरा राहील तिथंच. गोत पुन्हा बसेल."

गोत पुन्हा बसलं. या वेळी भिवराला आत बोलावलं. तो कागद सकवारनं लिहिला, आणि खाली वडिलांच्या नावाबरोबर आपलं नाव घातलं. कुणी हरकत घेतली नाही. होळीच्या दिवशी भिवरानं आपलं घर सारवलं, आणि तिच्यामागोमाग गावातल्या सगळ्याजणींनी आपापलं. चावडीच्या त्या भिंतीला मात्र कुणी शिवलं नाही. कमाविसदारानं वाचली, मिशीतल्या मिशीत हसला आणि दुसऱ्या भिंतीला टेकून बसला.

पुढं सकवारबाईला गावोगावच्या बाया बोलावून नेऊ लागल्या. कुणाची माहेरची गाय सासऱ्यानं विकलेली, कुणाला सवत आल्यावर गोठ्यात झोपवलेली. ती जाई, ऐकून घेई, आणि त्या गावच्या चावडीवर लिही. तिला दोन गावांनी हाकललं, एका गावात तिनं दगड खाल्ला, कपाळावरची खूण शेवटपर्यंत होती. म्हातारपणी ती गेली, त्या सकाळी सात गावांच्या चावड्यांचे पोपडे पडले आणि खालून तिची अक्षरं वर आली, असं म्हणतात. तिची समाधी नाही, तसबीर नाही.

पण निंबळ्यात आजही दिवाळीच्या आदल्या दिवशी चावडीची ती एक भिंत पुरुष सारवतात. सिमेंटच्या इमारतीत तेवढीच मातीची ठेवली आहे. त्याआधी ज्या बाईला घराबद्दल काही म्हणायचं असेल, ती कावेनं तिथं लिहिते. ज्याला उद्देशून लिहिलं, त्यानं शेणामातीनं भरल्या हातांनी उभं राहून ते मोठ्यानं वाचायचं, आणि मगच भिंत लिंपायची.

मी गेले तेव्हा शालनच्या वहिनीनं, वैजंतानं, लिहिलं होतं, "घराच्या उताऱ्यावर माझंही नाव लावा." तिच्या नवऱ्यानं वाचलं. मागून एकीनं म्हटलं, "ऐकू नाही आलं हो भावजी." त्यानं पुन्हा वाचलं. गुढीपाडव्याच्या आत नाव लागलं.

त्याच्याखाली म्हाताऱ्या चंद्रभागाबाईंनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "मला महिन्यामहिन्याला या घरातून त्या घरात हलवू नका." त्यांच्या दोन्ही मुलांनी आळीपाळीनं वाचलं, माना खाली घातल्या, भिंतही नीट सारवली.

गिरणीतली ती बाई कदाचित म्हणत असेल, की वर्षाच्या आत तिचं म्हणणं खरं होतं. वैजंताचं झालं. चंद्रभागाबाई परवा बाजारात भेटल्या, हातात कपड्यांची पिशवी होती. धाकट्याकडून थोरल्याकडे निघाल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "यंदा मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे."