एकाच्या शब्दाने दोघांचे घर

फार पूर्वी, राजे जेव्हा कायदे करत आणि केलेले कायदे स्वतः वाचतही असत, तेव्हा एका राजधानीत एक मोठी पाठशाळा होती. लांबलांबचे विद्यार्थी तिथे शिकायला येत आणि आसपासच्या घरांत भाड्याने राहत. घरमालक त्यांना मनात येईल तेव्हा बाहेर काढत. एकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत निम्मी पाठशाळा देवळाच्या ओवरीत झोपलेली राजाला दिसली आणि त्याने नवा कायदा केला.

मालकाने विद्यार्थ्याला घर सोडायला सांगायचे नाही. विद्यार्थ्याला स्वतःला सोडायचे असेल तर त्याने चावडीवर येऊन तसे बोलावे; कारण विचारले जाणार नाही. दोन महिन्यांनी घर मोकळे. आणि घर दोघांनी मिळून घेतले असेल, तर एकाच्या बोलण्याने दोघांचेही सुटेल. हे शेवटचे कलम विद्यार्थ्यांनी ऐकले आणि सोडून दिले. शेवटची कलमे घरमालकच लक्षात ठेवतात.

एका गूळव्यापाऱ्याच्या माडीवर दोन मित्र राहत. एक तर्कशास्त्र शिकत होता, दुसरा वैद्यक. खोली पाठशाळेला लागून होती, खिडकीतून भरपूर उजेड येई, आणि परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली होती. दुसरी खोली मिळणे अवघड होते, कारण नव्या कायद्यापासून मालक विद्यार्थी दिसला की दार लावून घेत.

त्या वर्षी गूळ उदंड झाला. व्यापाऱ्याला तो ठेवायला माडी हवी होती आणि मागता येत नव्हती. मग त्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गाठून सांगितले, की गुडघे फार दुखतात, परसातली एवढी वांगी चावडीवरच्या कारभाऱ्यांना नेऊन दिलीत तर बरे होईल. मुलगा भला होता. टोपली घेऊन गेला.

तो वळणाआड होताच व्यापारी तर्कशास्त्र्याजवळ येऊन बसला.

"शास्त्रीबुवा, तुमचे मित्र चावडीवर गेलेत. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा."

"नाही. कशाला गेला?"

"मी कोण विचारणार? कायद्याने मला विचारायची बंदी आहे."

एवढे बोलून तो गुडघे धरून उठला. खोटे एक अक्षर बोलला नव्हता.

मित्र परत आला, पाय धुतले, जेवला, पण चावडीचे नाव काढले नाही. वांग्यांत सांगण्यासारखे काय होते? तर्कशास्त्री मात्र त्याच्याकडे बघत राहिला. गप्प आहे, म्हणजे लपवतो आहे. बोलला असता तर रचून बोलला असता. याला दुसरी जागा मिळालेली दिसते; त्या शेवटच्या कलमाने आपलीही खोली गेली, आणि आपल्याला कळेल तेव्हा गावात कोनाडासुद्धा उरलेला नसेल. विचारावे असे एकदा त्याच्या मनात आले, पण अपराध्याला विचारून सत्य कळते असे कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नव्हते.

सकाळी त्याने कुंभाराचा माळा पक्का केला. एकाला जेमतेम पाय लांब करता येतील एवढाच तो होता. मग, मित्राने टाकून दिले असे कुणी म्हणू नये म्हणून, चावडीवर जाऊन चारचौघांसमक्ष सांगितले, की मी माडी सोडतो.

"ठीक," कारभारी म्हणाले. "आता दोघांचीही सुटली."

"माझ्या मित्राने कालच सोडली असेल ना?"

"त्याने? तो वांगी देऊन गेला. बस म्हटलं तर बसलाही नाही."

तर्कशास्त्री शब्द परत घ्यायचा म्हणाला. कारभाऱ्यांनी सांगितले, की घरमालकाची हरकत नसेल तर खुशाल घ्या. व्यापाऱ्याची हरकत होती. मुलांचा लळा लागला आहे, जीव तुटतो, पण कायद्यापुढे आपण कोण, असे तो डोळे पुसत म्हणाला. दरबारात त्या वर्षी नोंद झाली, की एकाही मालकाने विद्यार्थ्याला घराबाहेर काढलेले नाही.

दोघे मित्र दोन महिने एका खोलीत अबोल्याने राहिले. परीक्षा तोंडावर आली आणि गुळाच्या ढेपा जिन्यावरून वर चढू लागल्या, तेव्हा वळकटी बांधताना वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा तोंड उघडले.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू खरं सांगितलं असतंस कशावरून?"

"नसतंही सांगितलं. पण तू विचारलंस तरी असतंस."

माळ्यावर दोघे दाटीवाटीने राहू, असे तर्कशास्त्री चाचरत म्हणाला. मित्राने वळकटी खांद्यावर टाकली आणि तो ओवरीकडे चालू लागला. तिथे रात्री दिवा नसतो, पण शेजारी कोण झोपला आहे याची काळजीही नसते.

मुलांनो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मोठ्यांनो, तात्पर्य: घर सोडायला कारण सांगावे लागत नाही, पण सोडण्याआधी सोबत्याला विचारावे. संशय खरा निघाला तर घरच जाते. खोटा निघाला तर सोबतीही जातो.