वारलेल्या डॉक्टरांचा कर्सर

औषध कंपनीच्या माहितीपत्रकांच्या ॲपमध्ये हेमांगीने सगळ्यांना एकत्र मजकूर सुधारता येईल असा वेबवरचा नवा एक्सएमएल एडिटर जोडला आणि भलतंच सुरू झालं. ‘गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ हे वाक्य तिच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर पुसलं जाई. कर्सरशेजारी नाव झळके डॉ. वालावलकरांचं. कंपनीचे हे वैद्यकीय सल्लागार तर मे महिन्यात वारले होते. ऑफिसात कुणी मोठ्याने बोलेना.

“त्यांच्या आत्म्याचीच इच्छा दिसते. जाऊ दे ते वाक्य,” संचालक दिघे हात जोडून म्हणाले.

हेमांगी पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत दिघे कडाडले, “कसला एडिटर बसवलात? सकाळपासून मला आत शिरताच येत नाही!”

“एडिटर ठणठणीत आहे, साहेब. मी फक्त वालावलकरांचा पासवर्ड बदललाय. तुम्ही तुमच्या नावाने शिरून बघा.”

दिघ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाक्य पुन्हा कधी पुसलं गेलं नाही.