वैजनाथने टायमर लावला

तालुक्याच्या एका गावी वैजनाथ नावाचा एक भोळा प्रोग्रामर राहायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. असा माणूस मिळत नाही म्हणून विमलताई कडलगांनी त्याला कामावर ठेवलं. ताईंचं वधूवर सूचक केंद्र होतं. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनीच जमवलेली. वैजनाथने त्यांना केंद्राचं ॲप करून दिलं.

ॲप चाललं. पण लोक स्थळं बघता बघता मोबाइल उघडाच टाकून चहाला जायचे, आणि भलताच कुणी मुलींचे नंबर उतरवून घ्यायचा. एका मुलीला नको नको ते फोन आले. तिचा बाप ताईंच्या दारात येऊन बसला, उठेना. ताईंनी वैजनाथला बोलावलं.

"टायमर लाव," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं झाली की माणूस ॲपच्या बाहेर."

वैजनाथने टायमर लावला. गावातले घुगे मास्तर मुलीसाठी अर्ज भरत होते. शिक्षण भरलं, उंची भरली, अपेक्षा लिहायला घेतल्या आणि पाच मिनिटं झाली. मास्तर बाहेर. परत आत आले, परत अपेक्षांपाशीच बाहेर. शेवटी त्यांनी अपेक्षाच सोडून दिल्या.

ताईंनी समजावलं की जो काही लिहितोय त्याला हाकलायचं नसतं. स्क्रीनला बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

वैजनाथला पटलं. आता बोट लागलं की अर्ज पहिल्यापासून. मास्तरांनी नाव लिहिलं, आडनावाला बोट लावलं, नाव गेलं. परत नाव लिहायला गेले, आडनाव गेलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. अर्ज नव्हे, टायमर पहिल्यापासून, असं त्यांनी सावकाश सांगितलं. वैजनाथने दर बोटाला एक नवा टायमर लावला. जुने तसेच चालू राहिले, कारण ते थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं. मग ते एकामागून एक संपायला लागले. मास्तर आत आले की बाहेर, आत आले की बाहेर. मास्तर मुलीला म्हणाले, तूच बघ बाई कुणीतरी.

हे गाऱ्हाणं ताईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांच्या मुलीची, रेवतीची हळद चालली होती. हात पिवळे, डोकं तापलेलं.

"नवं लावायच्या आधी जुनं रद्द करायचं," ताई म्हणाल्या. "हा नियम सगळीकडे लाव आणि मला पुन्हा विचारायला येऊ नकोस."

वैजनाथने टायमरला नियम लावला. काम झालं. पण सगळीकडे म्हणजे सगळीकडे. टायमर लावतात, तशी ताई लग्नंही लावतात. म्हणून त्याने स्थळांनाही नियम लावला. नवं स्थळ आलं की जुनं रद्द. चालतं का बघावं म्हणून स्वतःच्या नावाने आत गेला आणि समोर आलेल्या पहिल्या मुलीवर 'पसंत' दाबलं. ती रेवती होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात वरात आली आणि नवरदेवाच्या मामाचा मोबाइल वाजला. 'आपलं स्थळ रद्द. नवं स्थळ: वैजनाथ.' मामांनी ते मोठ्याने वाचलं. बँड थांबला. वरमाय गाडीतून उतरेना. ताईंनी हातापाया पडून सगळ्यांना आत आणलं आणि वैजनाथला शोधलं. तो पंगतीत जिलेबी खात होता.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "ऊठ. सगळ्यांचं अगदी पहिल्यासारखं करून टाक."

वैजनाथने हात धुतला आणि सगळ्यांचं अगदी पहिल्यासारखं केलं. केंद्रात नाव घातलं त्या दिवशी जो जसा होता, तसा.

मांडवात बसलेली बहुतेक जोडपी ताईंनीच जमवलेली. एकदम सगळ्यांचे मोबाइल वाजले. 'आपण अविवाहित आहात. आपल्यासाठी स्थळं सुरू.'

एकाने कडेवरचं पोर बायकोकडे दिलं आणि चष्मा पुसला. बायकोने पोर सासूकडे दिलं आणि पर्स उघडली. अक्षता वाटून झाल्या. भटजींनी सावधान म्हटलं, दोनदा म्हटलं, पण मान वर करायला कुणी तयार नव्हतं. नवरदेवसुद्धा.