माठाची चकाकी

“यात उणं काय आहे, ते तरी सांगा, गुरुजी!”

हेरंबनं जलरंगातलं चित्र भिंतीला टेकवलं. गुरुजींच्याच स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ. चित्र पसंत पडलं, तर गुरुजी त्याला स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढायला परवानगी देणार होते. या एका होकारासाठी तो सहा वर्षं राबत होता.

घर हेरंबवर सोपवून धामणकर गुरुजी आठ दिवस लेकीकडे राहून नुकतेच परतले होते. त्यांनी चष्मा पुसला. चित्राकडे बघितलं... बघतच राहिले.

“ही चकाकी कशी काय आली?”

हेरंबची कळी खुलली. “माठ फारच मळकट दिसत होता हो. सोमवारी चांगलं खोबरेल चोळलं त्याला. काय झळकला म्हणता!”

“हं... म्हणूनच पाणी कोमट आहे.”

हेरंब चपापला. गुरुजी तर आल्यापासून माठाकडे फिरकलेही नव्हते.

तो उठून आत गेला. माठाच्या पोटावर तळवा टेकवला. कोरडा ठणठणीत. पेलाभर पाणी तोंडाला लावलं... कोमटच. चार दिवस तो हेच पाणी पीत होता आणि उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडत होता. तेलानं माठाची छिद्रं बुजली होती, पाझर थांबला होता. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही, आणि निघाला होता वर्ग काढायला!

बाहेर येऊन त्यानं विचारलं, “तुम्हाला इथे बसून कसं कळलं?”

गुरुजींनी चित्रावर बोट ठेवलं. माठाखालच्या वाळूवर.

हेरंब वाकला. माठ पाझरून ही वाळू एरवी सदा ओली असायची. त्यानं मात्र ती भुरी, कोरडी काढली होती. कणन् कण, डोळ्यांना दिसली तशी...

“म्हणजे चित्र खोटं नाही?”

“छे! अगदी खरं आहे.”

हायसं वाटावं की लाज वाटावी, हेरंबला कळेना. दोन्ही वाटलं.

“मग... मी वर्ग काढायला जाऊ, गुरुजी?”

“जा की,” गुरुजी म्हणाले. “ऊन फार आहे. पाणी पिऊन जा.”